डावीकडून आलेली गाडी

काचबिंदू म्हणजे काय, ते डॉक्टर तुम्हाला माझ्यापेक्षा बरं सांगतील. मला तो आधी रेल्वेच्या रुळांवर भेटला, इस्पितळात नंतर. ते कसं झालं तेवढंच सांगतो. कुणी लॉरी चालवणारा असेल, किंवा लॉरी चालवणाऱ्याची बायको असेल, तर उपयोगी पडेल.

मी सांगतो आहे आणि माझी मुलगी शांता लिहिते आहे. आमचं घराणं तंजावरचं. घरात बोलतो ती मराठी जुनी, तमिळ मिसळलेली. शांता शाळेत शिकवते, त्यामुळे तिनं ती जरा सरळ केली आहे. मजकूर मात्र माझा. लिहिताना ती दोनदा थांबली आणि म्हणाली, "अप्पा, हे कशाला?" मी म्हटलं, "लिही."

माझं नाव किट्टू राव. आमच्या नात्यागोत्यातली माणसं मद्रासला आली ती कचेऱ्यांत आणि शाळांत लागली. माझा धाकटा भाऊ वेंकट सरकारी कारकून आहे. मी अभ्यासात टिकलो नाही. लढाईच्या दिवसांत मोटारी चालवायला शिकलो आणि नंतर जॉर्ज टाउनमधल्या एका डाळीच्या व्यापाऱ्याच्या लॉरीवर लागलो. मालकाला आम्ही सगळे मुदलाळी म्हणायचो. कांचीपुरम, अरक्कोणम, तिंडिवनम अशा गावांना पोती पोचवायची आणि परत यायचं. माझ्याबरोबर क्लीनर म्हणून मुनुसामी होता, माझ्याहून नऊ-दहा वर्षांनी मोठा. मी त्याला अण्णा म्हणायचो, तो मला राव. अठरा वर्षं आम्ही एका लॉरीत बसलो. लॉरीनं साधी कोंबडीसुद्धा मारली नव्हती, हे मी अभिमानानं सांगायचो.

*

ती सकाळची वेळ होती, ऊन चांगलं पडलेलं. अरक्कोणमच्या अलीकडे एका आडरस्त्यावर रूळ लागतात. तिथे फाटक नाही, फाटकवाला नाही, नुसती एक पाटी आहे. दोन्ही अंगांना सुरूची झाडं. मी तिथून शेकडो वेळा गेलो होतो. नेहमीसारखा वेग कमी केला, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. रूळ रिकामे होते. मी लॉरी पुढे काढली.

मुनुसामीनं माझा दंड धरून ओढला. "निल्लु, निल्लु," म्हणजे थांब, असं तो ओरडत होता. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. लॉरी गचका खाऊन बंद पडली, आणि माझ्या नाकासमोरून इंजिन गेलं. त्यामागून डबे. बंपर आणि डबे यांच्यात एक माणूस आडवा झोपेल एवढीच जागा होती. एका डब्याच्या खिडकीत एक बाई केळं सोलत बसली होती. तिनं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

गाडी गेली. मग मुनुसामी म्हणाला, "राव, तुम्ही बघितलं नाही."

"बघितलं," मी म्हणालो. "शपथ घेऊन सांगतो, बघितलं. काही नव्हतं."

मी खोटं बोलत नव्हतो. हीच या दुखण्याची खोच आहे. ज्या बाजूचं दिसत नाही त्या बाजूला अंधार दिसेल असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. तिथे काहीच नाही असं वाटतं. रिकामा रस्ता, रिकामे रूळ. डोळा आपल्याला सांगत नाही की मी बंद पडलोय.

मुनुसामीनं वाद घातला नाही. त्यानं आपला हात माझ्या डाव्या कानाजवळ धरला आणि हळूहळू पुढे आणू लागला. "हात दिसला की सांगा." मी समोर बघत राहिलो. हात जवळजवळ माझ्या नाकासमोर आला तेव्हा मी म्हटलं, "दिसला." त्यानं हात खाली घेतला आणि बिडी पेटवली.

*

त्या दिवशीच डॉक्टरकडे जायला हवं होतं. मी गेलो नाही. पाच महिने गेलो नाही. थकवा आहे, पित्त आहे, उन्हाचा त्रास आहे, असं स्वतःला समजावलं. दुखत काहीच नव्हतं, समोरचं स्वच्छ दिसत होतं. पाटी वाचता येत होती. मग आजार कसला?

खरं सांगायचं तर मला आतून कळलं होतं. लॉरी गेली तर मी काय करणार, हे मात्र कळत नव्हतं.

मुनुसामीनं आपली एक रीत घालून दिली. रूळ आले की मी लॉरी बरीच अलीकडे थांबवायची, इंजिन बंद करायचं. तो खाली उतरून रुळांपर्यंत चालत जायचा, दोन्हीकडे मान वळवून बघायचा, कान द्यायचा आणि मग हात करायचा. फाटक असलं आणि उघडं असलं तरीही उतरायचा. मागच्या गाड्या भोंगे वाजवायच्या, शिव्या घालायच्या. तो ढिम्म हलायचा नाही. ही रीत चांगली होती. प्रत्येक लॉरीवाल्यानं पाळावी अशीच. पण रुळांखेरीज रस्ताही असतो. रस्त्यावर सायकली असतात, बैलगाड्या असतात, शाळेतून सुटलेली मुलं असतात. त्या सगळ्यांसाठी मुनुसामी कुठे उतरणार होता? त्याचा मी विचार करत नसे. करायचा नाही असं ठरवूनच करत नसे.

घरी मी चिडका झालो. मद्रासच्या वेस्ट मांबलमला आमच्या दोन खोल्या. बायको, सीताबाई, पाणी भरलेली घागर दाराशी ठेवायची आणि मी तिला ठेचकाळायचो. मग तिच्यावरच ओरडायचो, वाटेत का ठेवतेस म्हणून. एका लग्नाच्या पंगतीत मी पानाच्या डाव्या कोपऱ्यातली कोशिंबीर आणि लोणचं तसंच ठेवून उठलो. शेजारच्या आजी म्हणाल्या, "राव फार जपून जेवतात." सीता माझ्याकडे बघत होती, आणि त्या दिवसापासून घागर तिनं कधी वाटेत ठेवली नाही.

*

मग मुनुसामीला हिवताप झाला. मुदलाळीनं दोन दिवसांसाठी दुसरा माणूस दिला, पण तो आलाच नाही, आणि माल कांचीपुरमला जायचाच होता. मी एकटा निघालो.

वाटेत रूळ आले. तिथेही फाटक नव्हतं. मी लॉरी अलीकडे थांबवली, इंजिन बंद केलं, उतरून रुळांपाशी गेलो. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. रिकामे. मान पुरती वळवून परत पाहिलं. रिकामे. परत येऊन लॉरीत बसलो, किल्ली फिरवली, आणि पाय उचलेना. मी बघितलेलं खरं आहे की नाही हेच मला कळेना. खाली उतरलो, परत पाहिलं, परत बसलो. असं किती वेळा केलं ते आठवत नाही. अंगातला सदरा घामानं भिजला. एक गाडी आली आणि गेली. ती येतेय हे मला शिट्टीवरून कळलं, डोळ्यांनी नाही.

मागून एक बैलगाडीवाला आला. कडब्यानं भरलेली गाडी, म्हातारा माणूस. त्याला पुढे जायला वाट नव्हती. मी त्याला म्हटलं, "पेरियवरे," म्हणजे आजोबा, "रुळांवर काही आहे का, एवढं बघाल?"

त्यानं रुळांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुम्हाला दिसत नाही का?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, चेष्टाही नव्हती. एवढे दिवस कुणी मला असं सरळ विचारलं नव्हतं, मीही स्वतःला विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही. बाजूचं दिसत नाही."

म्हातारा खाली उतरला. रुळांच्या मधोमध उभा राहिला आणि दोन्ही हातांनी मला ये, ये असं करत राहिला. मी पार झाल्यावर तो परत आपल्या बैलांकडे गेला. पुढचा सगळा रस्ता मी माणूस चालतो त्या वेगानं काढला. माल उतरवला, दुसऱ्या दिवशी लॉरी तशीच हळूहळू परत आणून लावली आणि घरी येऊन सीतेला सगळं सांगितलं.

ती भाजी निवडत होती. म्हणाली, "मला ठाऊक होतं काहीतरी आहे ते. रुळांचं ठाऊक नव्हतं." मग तिनं पाट सरकवला आणि तोंड भिंतीकडे करून बसली. तिचे खांदे हलत होते. मी जवळ गेलो नाही. काय तोंडानं जाणार?

*

डोळ्यांच्या इस्पितळातली डॉक्टरीण तरुण होती, चष्मा लावणारी, थोडं बोलणारी. आधी तिनं आतला दाब बघायला माझ्या मिटलेल्या डोळ्यांवर बोटं दाबून पाहिली. मग एका खोलीत काळ्या पडद्यासमोर बसवलं. पडद्याच्या मध्यावर बघत राहायचं आणि बाजूनं पांढरा ठिपका सरकत आला की सांगायचं. मी बघत राहिलो. ठिपका येईचना. मला वाटलं तिनं अजून सुरुवात केली नसेल. "आणा की," मी म्हणालो. माझ्याबरोबर आलेली शांता तिच्या बाजूला उभी होती, ती तेव्हा बाहेर निघून गेली. तिला ठिपका दिसत होता.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर माझी नजर काढून दाखवली. दोन डोळ्यांची दोन छोटी वर्तुळं, बाकी सगळं पेन्सिलीनं काळं केलेलं.

"काम काय करता?"

"लॉरी चालवतो."

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "केव्हापर्यंत चालवलीत?"

"काल सकाळपर्यंत."

त्यांनी तो कागद माझ्या कागदांत टाचून ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, "गेलेलं परत येणार नाही. शस्त्रक्रिया केली तर राहिलेलं राहील. लॉरी संपली. सायकलसुद्धा नाही. आणि तुमच्या भावंडांना, मुलीला इथे घेऊन या. हे घराण्यात चालतं."

शांताची तपासणी त्याच आठवड्यात झाली. तिचे डोळे चांगले निघाले. वेंकटला मी त्याच्या घरी जाऊन सांगितलं. तो कचेरीतून येऊन कॉफी घेत होता. ऐकून त्यानं पेला खाली ठेवला.

"पाच महिने लॉरी चालवलीत तुम्ही? असं कळूनसुद्धा?"

"हो."

"रस्त्यात माझी पोरं असती तर?"

मी परत म्हटलं, "तू डोळे दाखव."

"अण्णा, तुमचं दुखणं माझ्या घरात आणू नका," तो म्हणाला आणि आत गेला. मला पोचवायला त्याची बायको दारापर्यंत आली. वेंकट आला नाही. त्यानंतर दोन महिने तो आमच्या घरी फिरकला नाही.

*

शस्त्रक्रिया एका डोळ्याची आधी झाली, दुसऱ्याची पंधरा दिवसांनी. पण पट्टी दोन्ही वेळा दोन्ही डोळ्यांवर. डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या लावतात, मान हलू नये म्हणून. खोकायचं नाही, शिंकायचं नाही, उठायचं नाही. शौचालाही भांडं. दिवस कधी सुरू झाला ते वॉर्डातल्या फिनेलच्या वासावरून आणि कांजीच्या बादलीच्या आवाजावरून कळायचं. सीता चमच्यानं भात भरवायची आणि प्रत्येक घासाआधी "आ" म्हणायची, लहान मुलाला म्हणतात तसं. पहिल्या दिवशी मला त्याचा राग आला. तिसऱ्या दिवशी मी त्या "आ"ची वाट बघायला लागलो.

सगळ्यात जास्त थकवा पडून राहण्याचा. काम करून थकलेल्या माणसाला झोप येते. याला झोप नाही.

शेजारच्या खाटेवर रत्नम नावाचे एक म्हातारे होते. मोतीबिंदू काढलेला, त्यांच्याही डोळ्यांवर पट्टी. आम्ही एकमेकांना न बघता बोलायचो. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "तुम्ही काय करत होता?"

"इंजिन चालवत होतो. निवृत्त झालो."

त्यांनी विचारलं, "आणि तुम्ही?"

"लॉरी."

त्यांची खाट करकरली. मग आपणहून सांगू लागले. बऱ्याच वर्षांपूर्वी, विळुपुरमच्या पुढे, एक लॉरी त्यांच्यासमोर रुळांवर आली होती. विटांनी भरलेली. "मला ती लांबून दिसली," ते म्हणाले. "तोच त्रास आहे. सगळं दिसतं. मी ब्रेक लावला, शिट्टीची दोरी धरली ती सोडली नाही. ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं असावं, निघून जाईन. लॉरीला दहा हात लागतात थांबायला. मला अर्धा मैल लागतो. आता तुम्ही सांगा, थांबायचं कुणी?"

मी विचारलं नाही, पण ते म्हणाले, "दोघे होते लॉरीत."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. सुरूची झाडं, मुनुसामीचा हात, पाच महिने. सीतेला सांगितलं नव्हतं तेही सांगितलं, की केळं सोलणारी ती बाई माझ्या स्वप्नात येते. पट्टीमुळे बोलणं सोपं होतं. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

ते इतका वेळ बोलले नाहीत की मला वाटलं झोपले. मग म्हणाले, "मी त्या दिवसानंतर चौदा वर्षं इंजिन चालवलं. प्रत्येक बिनफाटकाच्या रुळापाशी माझा हात दोरीवर असायचा. तुम्ही लोक आमच्याकडे इंजिन म्हणून बघता. आत माणूस असतो, हे कुणी लॉरीवाल्यांना सांगायला पाहिजे."

"मी सांगेन," मी म्हणालो.

"सांगा," ते म्हणाले आणि खरंच झोपले.

पट्टी सुटली त्या दिवशी ते घरी गेलेले होते. त्यांचा चेहरा मी कधी पाहिलाच नाही.

*

त्याला आता चार वर्षं होत आली. दिवसातून चार वेळा डोळ्यांत थेंब. थेंब पडले की कपाळ दुखतं आणि सगळं जग जरा अंधारतं. सीता माझी पापणी धरते आणि मी छताकडे बघतो. जेवढी नजर होती तेवढी राहिली आहे. किल्लीच्या भोकातून बघावं तसं बघतो, पण बघतो. चालताना शांताच्या खांद्यावर हात लागतो. मुदलाळीनं गोदामात पोती मोजून घ्यायचं काम दिलं, ते करतो. लायसन मी स्वतः परत नेऊन दिलं.

वेंकट त्या बोलाचालीनंतर दोन महिन्यांनी आला. दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "दाखवून आलो. सुरुवात आहे म्हणाले. थेंबांवर भागेल." मग तो रडू लागला. मोठा झाल्यावर त्याला मी रडताना पाहिलं नव्हतं. सीतेनं त्याला आत घेतलं, कॉफी दिली. त्या दिवशी आम्ही दोघे भाऊ शेजारी शेजारी छताकडे तोंड करून बसलो आणि तिनं दोघांच्या डोळ्यांत थेंब घातले.

गोदामाजवळच्या लॉरी थांब्यावर मी रोज जातो. ड्रायव्हरांना सांगतो. रूळ आले की थांबा. इंजिन बंद करा, कान द्या. डोळा फिरवू नका, मान फिरवा. क्लीनरला खाली उतरवा. एक गाडी गेली तर दुसऱ्या बाजूनं दुसरी येत नाही ना ते बघा. इंजिनात एक माणूस असतो आणि त्याला थांबता येत नाही. काही ऐकतात. काही हसतात, "आलं रावांचं प्रवचन" म्हणतात. मुनुसामी आता दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर जातो आणि अजून प्रत्येक रुळापाशी खाली उतरतो. त्याचा तो ड्रायव्हर कुरकुरतो, पण थांबतो.

मागच्या महिन्यात एक ड्रायव्हर माझ्याकडे आला. अरुमुगम त्याचं नाव, चाळिशीचा, हसणाऱ्यांत सगळ्यात पुढे असायचा. सगळे गेल्यावर हळूच म्हणाला, "राव, मला पाटी वाचायला त्रास होतोय. संध्याकाळी डोकं धरतं. तुम्ही येता का बरोबर?"

मी गेलो. बाकावर त्याच्या शेजारी बसलो. त्यानं मला तीनदा विचारलं की पहिल्यांदा काय होतं. काळ्या पडद्यासमोर तो बसला तेव्हा मी बाहेर उभा होतो. "दिसला," "दिसला," "दिसला," असं तो पटापट म्हणत होता. त्याला काचबिंदू नव्हता. नुसता चष्मा लागला. बाहेर येऊन त्यानं माझे पाय धरले, मला हॉटेलात नेऊन इडली खायला घातली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवा चष्मा यायच्या आधीच लॉरी घेऊन अरक्कोणमला जायला निघाला. मी त्याला थांबवलं. चष्मा येईपर्यंत चार दिवस त्याला थांब्यावर माझ्याजवळ बसवून ठेवलं. पाचव्या दिवशी तो गेला. लॉरी वळणाआड जाईपर्यंत मी तिचा आवाज ऐकत उभा राहिलो.

त्या दिवशी मी घरी आलो आणि कुणाशी बोललो नाही. शांतानं विचारलं, मी मान हलवली. अरुमुगमला तपासायला नेलं एवढंच घरी ठाऊक होतं. सीतेनं पान मांडलं. मग तिनंच विचारलं.

"अरुमुगमचं काही वाईट निघालं का?"

"नाही," मी म्हणालो. "चांगलंच निघालं. आज लॉरीवर गेला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या पानावर भात वाढला, वर तूप घातलं, आणि मी जेवेपर्यंत तिथेच बसून राहिली.